भावाच्या जेल अकाउंटवर पैसे टाकायची ती अमेरिकन साइट, ५ पैकी २ स्टार

आधी एकच सांगते, पैसे पोचतात. माझ्यासारखं कोणी रात्री दोन वाजता हे शोधत बसलं असेल तर त्याला पहिल्यांदा एवढंच पाहिजे असतं. पोचतात, पण किती कापून पोचतात, कुठल्या खात्यात जातात आणि इथून गोव्यातून पाठवताना काय काय आडवं येतं ते मला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं सगळं लिहायला बसलेय. कंपनीचं नाव घालत नाही, काउंटीचं (म्हणजे तिथला जिल्हा) पण नाही, भावाचं नाव त्यात गुंतलंय.

माझा धाकटा भाऊ क्रूझवर होता, हाउसकीपिंगला, चौथं कॉन्ट्रॅक्ट. २०२५ च्या जूनमधे फ्लोरिडातल्या एका पोर्टवर त्याला पोलिसांनी उतरवून नेलं. काय झालं, कोणाचं चुकलं, ते इथे लिहिणार नाही. बोट संध्याकाळी पुढे गेली, हा मागे राहिला, बॅग शिपिंग एजंटाकडे, आणि आम्हाला डिचोलीत तिसऱ्या दिवशी कळलं, ते पण त्याच्या केबिनमधल्या एका पोराने मेसेज केला म्हणून. आई देवासमोर बसली ती उठेचना. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, अठरा वर्षं लोकांचे पैसे मोजते, मला वाटलं निदान पैसे पाठवायचं काम तरी मला जमेल.

काउंटी जेल म्हणजे काय हे तेव्हा समजलं. अमेरिकेत जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. प्रिझन राज्याचं नाहीतर केंद्राचं, मोठी शिक्षा लागलेल्यांसाठी. काउंटी जेल म्हणजे बहुतेक ठिकाणी तिथल्या शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिस प्रमुखाच्या हाताखालचं, त्यात बहुतेक जण केस चालू असलेले नाहीतर वर्षभराच्या आतली शिक्षा असलेले. आपल्याकडे कोलवाळला कसे अंडरट्रायल आणि शिक्षा झालेले एकाच जेलात असतात, तसं डोक्यात ठेवून शोधायला गेलात तर चुकीच्या वेबसाइटवर जाल, मी गेले होते. आणि प्रत्येक काउंटीचा कंपनीशी करार आपापला. एकीला चालणारी साइट शेजारच्या काउंटीला चालेलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा त्या काउंटीच्या शेरीफच्या साइटवर जायचं, तिथे आत असलेल्यांची यादी असते, नाव टाकलं की बुकिंग नंबर, म्हणजे अटकेच्या नोंदीचा नंबर मिळतो, तो लिहून घ्यायचा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच असेल असं धरू नका, आमच्याकडे वडलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट झालं होतं आणि मी दोन दिवस चुकीच्या नावाने शोधत होते. त्याच यादीत फोटो पण असतो. तो मी आईला दाखवला नाही.

पहिली मोठी चूक ही की मला वाटलं त्याच्या अकाउंटवर जास्त पैसे टाकले की तो जामीन भरेल. तसं नाही. तिथे तीन वेगळे खिसे आहेत आणि एकातले दुसऱ्यात जात नाहीत असंच समजून चाला. एक जामिनाचा, तो कोर्टाचा आणि शेरीफचा विषय, नाहीतर बाँडवाल्याकडे, म्हणजे फी घेऊन जामिनाची हमी देणाऱ्याकडे जायचं, फ्लोरिडात तो रकमेच्या दहा टक्के घेतो आणि ते परत मिळत नाहीत, शिवाय आपल्या माणसावर इमिग्रेशनचा होल्ड असेल तर जामीन भरून पण तो बाहेर येत नाही, सरळ त्यांच्या ताब्यात जातो, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय जामिनाला हात लावू नका. दुसरा खिसा कमिसरीचा, म्हणजे जेलातल्या दुकानाचा, यालाच तिथे बुक्सवर पैसे टाकणं म्हणतात. तिसरा फोनचा. मी पहिले वीस डॉलर फोनच्या खात्यात टाकून बसले आणि भाऊ आत साबणाची वाट बघत होता.

आता कार्डाची कथा, ही जरा लांब आहे पण हीच वाचा. माझं डेबिट कार्ड टाकलं, डिक्लाइन. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, बँकेच्या ॲपमधे जाऊन आपण तो चालू करायचा असतो. केला. परत टाकलं तर पत्त्यात राज्य निवडायला सांगतात आणि यादीत फक्त अमेरिकेतली राज्यं, खाली झिप कोड, तो पाच आकडी, आमचा पिनकोड ४०३५०४, सहावा आकडा घेतच नाही. ह्यांचं क्रेडिट कार्ड घेतलं, तेच. तीन वेळा डिक्लाइन झाल्यावर बँकेनेच संशयावरून कार्ड बंद केलं, दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या ब्रँचमधे शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीतून जाऊन ते उघडून घेतलं. ब्रँचमधल्या पोरीने विचारलं, मॅडम नक्की कुठे पेमेंट करताय. मी सांगितलं भावाला. कुठे आहे तो हे सांगितलं नाही.

कॉल सेंटरचा टोल फ्री नंबर इथून लागतच नाही. दुसरा साधा नंबर त्यांच्या साइटवर एका कोपऱ्यात सापडला. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, त्यांचं सकाळी आठला उघडतं म्हणजे आपले साडेपाच, मी ऑफिस सुटल्यावर स्कूटरवर बसूनच लावायचे. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं मशीन बोलत होतं, इंग्लिशसाठी एक, स्पॅनिशसाठी दोन. तिसऱ्या दिवशी माणूस मिळाला, एक बाई, आणि तिच्याबद्दल चांगलंच लिहीन, तिने न चिडता सांगितलं की वेबसाइटवर परदेशी पत्ता चालत नाही पण मोबाइल ॲपमधे देश बदलायचा पर्याय आहे. एवढंच. साइटवर एक ओळ लिहिली असती तर आठ दिवस वाचले असते. दोनपैकी एक स्टार त्या बाईचा.

ॲपवरून पन्नास डॉलर गेले. आता हिशोब देते, मला हिशोब द्यायची सवय आहे. डॉलर तेव्हा ८६ रुपयांच्या आसपास. पन्नास डॉलर म्हणजे ४३०० रुपये. कंपनीची फी ५.९५ डॉलर, एकूण ५५.९५, त्याचे ४८१२ रुपये. त्यावर आमच्या बँकेचा परदेशी चलनाचा मार्कअप साडेतीन टक्के, १६८ रुपये, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ३० रुपये. कार्डाच्या बिलावर आले ५०१० च्या आसपास. म्हणजे ४३०० पोचवायला ७१० रुपये वर, साडेसोळा टक्के. आमची पतसंस्था या व्याजाने कर्ज दिलं तर लोक दारात येऊन भांडतील, आणि ते वर्षाचं व्याज असतं, हे एका क्लिकचं आहे.

शंभर डॉलर टाकले तेव्हा फी ७.९५ लागली, दुप्पट नाही. म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे टाकण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदम टाकलेले परवडतात. पण पहिल्यांदा मात्र कमीच टाका, कारण पुढची गोष्ट.

पन्नास टाकले आणि त्याच्या हातात वापरायला आले बावीस. मला वाटलं कंपनीने खाल्ले, पण नाही, ते जेलने कापले. आत गेल्या दिवशी दिलेला कपडे, टूथब्रशचा संच, एकदा ताप आला म्हणून नर्सकडे गेला त्याचे, आणि रोजच्या राहण्याचा खर्च. हो, राहण्याचा खर्च, फ्लोरिडाच्या कायद्यात काउंटीला कैद्याकडून तो वसूल करायची मुभा आहे. खात्यात पैसे नसतात तेव्हा हे सगळं उधारीवर चढत राहतं आणि घरच्यांनी पहिले पैसे टाकले की आधी ती उधारी वळती होते. ज्याचा अजून गुन्हा ठरलेला नाही त्याच्याकडून राहण्याचे पैसे घेतात आणि ते भरते कोण, तर डिचोलीत बसलेली त्याची आई. मला हे अजून पचलेलं नाही. कंपनीच्या पावतीवर पन्नास जमा एवढंच दिसतं, आतली कपात कुठेच दिसत नाही, त्या वजाबाकीचा कागद फक्त भावाला मिळतो. पाठवणाऱ्याला पण दिसायला पाहिजे की नको?

कमिसरीची ऑर्डर आठवड्यातून एकदाच. त्यांच्याकडे रविवारी रात्रीपर्यंत यादी द्यायची आणि बुधवारी पिशवी यायची. म्हणजे आपले पैसे आपल्या सोमवारी सकाळच्या आधी पडायला पाहिजेत, नाहीतर पूर्ण आठवडा गेला. मी एकदा सोमवारी दुपारी टाकले आणि तो आठवडा त्याचा रिकामा गेला, फोनवर काही बोलला नाही, मला मागाहून कळलं.

काय मिळतं म्हणाल तर साबण, डिओड्रंट, पाकिटं आणि स्टँप, कॉफी, पीनट बटर, आणि मुख्य म्हणजे त्या सुक्या नूडल्सची पाकिटं. त्या नूडल्स म्हणजे आतलं चलनच आहे म्हणाला. आमच्या घरी सोमवार पाळतात, भाऊ बोटीवर पण पाळायचा, तिथे गोव्याचे कुक असायचे, त्याला वेगळं काढून ठेवायचे. जेलात सोमवारच्या ताटात काय येईल ते सांगता येत नाही आणि सोमवारपुरतं शाकाहारी असं काही तिथे लिहून देता येत नाही. मग तो सोमवारचं ताट शेजाऱ्याला द्यायचा आणि आपण पाव, पीनट बटर आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या नूडल्स, मसाल्याची पुडी बाजूला काढून, कारण त्यात चिकनचं काहीतरी. नंतर श्रावण लागला तेव्हा चारही सोमवारांचा हिशोब आईने बोटांवर केला आणि मला म्हणाली, बाय, श्रावणासाठी जास्तीचे टाक. कंपनीच्या फॉर्ममधे कारण विचारत नाहीत ते बरं आहे.

फोनबद्दल थोडक्यात. फोनची कंपनी वेगळी, ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा. भारताचा नंबर आमच्या काउंटीत लागला नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या नंबरवर तो बोलायचा आणि मावसभाऊ आम्हाला नंतर सगळं सांगायचा. तिसऱ्याला कॉलवर जोडू नका, सगळ्यांना तो मोह होतो, पण ते पकडलं तर त्याचा फोन बंद करतात. कॉल रेकॉर्ड होतात, मराठीत बोला नाहीतर कोंकणीत, केसबद्दल एक शब्द नाही, फक्त जेवलास का, झोप लागते का. पुढे टॅबलेटवरून व्हिडिओ व्हिजिट सुरू झाली, ती मात्र थेट आम्हाला चालली आणि आईने त्याला बघितलं, केस अगदी बारीक कापलेले. त्या दिवशी ती जेवली.

या फोनच्या दरांवरून अमेरिकेत एका आजीने मोठी लढाई दिली आहे, मार्था राइट त्यांचं नाव, प्रिझनमधल्या नातवाशी बोलायचं बिल परवडेना म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडत राहिल्या, २०१५ मधे वारल्या, आणि २०२३ च्या जानेवारीत मार्था राइट-रीड नावाचा कायदा झाला त्यात त्यांचं नाव आहे. त्या कायद्याने फोन आणि व्हिडिओच्या दरांवर तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाला अधिकार दिला. पण त्याचा हात तिथवरच. कमिसरीत पैसे टाकायच्या फीपर्यंत तो पोचत नाही, आणि माझा राग नेमका तिथे आहे. दुकानात भाव पटला नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. इथे काउंटीने एक कंपनी ठरवली की संपलं. तिथल्या माणसाला जेलच्या लॉबीतल्या मशीनवर रोख भरता येते, पोस्टाची मनी ऑर्डर करता येते, काही ठिकाणी त्याला फी पण कमी. सातासमुद्रापलीकडच्या घरच्यांना मात्र ॲप सोडून काही नाही.

त्यावर आम्ही शेवटी काढलेला मार्ग असा. मावसभावाला इथून बँकेतून एकदाच ५०० डॉलर पाठवले, पॅन कार्ड आणि परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म लागतो, पर्पज काय लिहायचं ते बँकेतल्या माणसाला सगळं खरं सांगून विचारा, तोच नीट सांगेल. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापते तो कर, नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना त्याची भीती नको. मग तो आपल्या कार्डावरून पंधरा दिवसांनी शंभर टाकायचा. मार्कअप वाचला, झिप कोडची कटकट गेली. तिथे कोणी विश्वासाचं माणूस असेल तर पहिल्या दिवसापासून हेच करा.

आणि पैशाच्या आधी करायचं काम म्हणजे कॉन्सुलेट. परदेशी माणसाला अटक झाली की त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवायचा हक्क त्याला आहे, १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं ३६ वं कलम, पण तो हक्क त्याने मागायला पाहिजे आणि घाबरलेला माणूस काही मागत नाही. फ्लोरिडा आपल्या अटलांटाच्या कॉन्सुलेटकडे येतं. आम्ही परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, पासपोर्टची कॉपी आणि बुकिंग नंबर जोडला, त्यानंतर कॉन्सुलेटचा माणूस त्याच्याशी बोलला. आम्हाला त्यांनी पैसे दिले नाहीत, वकील उभा केला नाही, पण आत असलेल्याला कळतं की कोणीतरी विचारतंय.

एक सावधगिरी. आतल्यांची यादी उघडी असते ना, ती वाचून भामटे घरच्यांना फोन करतात. मावसभावाला आला होता, शेरीफ ऑफिसातून बोलतोय, आत्ता गिफ्ट कार्डवर आठशे डॉलर भरा, संध्याकाळी सोडतो. नाव, बुकिंग नंबर, सगळं बरोबर सांगत होता. कोणतंही जेल गिफ्ट कार्डवर पैसे घेत नाही.

आठ आठवड्यांनी केस मिटली आणि त्याला इमिग्रेशनकडे दिलं. तिथे नवीन जागा, नवीन नंबर, पैसे टाकायची नवीन कंपनी, पहिल्या खात्यातले पैसे मागोमाग येत नाहीत. उरलेले पैसे काउंटीने त्याला एका प्रीपेड कार्डावर दिले, ३१ डॉलर ६० सेंट. कार्ड चालू करायला अमेरिकन नंबरवर फोन, वापरलं नाही तर महिन्याला त्यातून कपात. या सुटकेच्या कार्डांवरून २०२१ साली तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने जेपे नावाच्या मोठ्या कंपनीला साठ लाख डॉलर भरायला लावले होते, त्यातले चाळीस लाख लोकांना परत द्यायला. आमची कंपनी ती नव्हे, पण कार्ड तसंच. चेक दिला असता तरी इथल्या बहुतेक बँका परदेशी चेक हातात धरत नाहीत. म्हणून सुटायची किंवा हलवायची नुसती चाहूल लागली तरी पैसे टाकणं थांबवा आणि आतल्याला सांगा, आहे ते खर्च कर. मी थांबले नाही, कारण अकाउंट रिकामं राहील ही भीती जास्त होती.

गणेश चवथीच्या दोन दिवस आधी तो दाबोळी विमानतळावर उतरला. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळापानांची चौकट, बांधायला हात लावला आणि मग रात्री बसून सगळं सांगितलं. पहाटे तीनला उठवून नेलं म्हणाला, तासभर आधी एकाने कानात सांगितलं होतं. तेवढ्या वेळात त्याने उरलेली नूडल्सची नऊ पाकिटं आणि अर्धी पीनट बटरची बाटली शेजारच्या बंकवरच्या म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवली. पाच महिने आत होता तो, त्याच्या बुक्सवर कोणीच टाकत नव्हतं.